यिंग्वेच्या कासवाचं भाषांतर

वास आला तेव्हा मला वाटलं, लापशी करपली. मी पातेलं खाली घेतलं, तरी वास जाईना. मग वरच्या मजल्यावरून यिंग्वेचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. एकच सूर लावून धरावा तसा लांबच लांब आवाज. मी जिना चढून धावत गेले. खोलीत पांढरट धूर तरंगत होता. टेबलावरच्या जुन्या संगणकाचा पडदा काळा पडला होता, आणि यिंग्वे दोन्ही हात कानांवर दाबून त्याच्यासमोर उभा होता.

मी प्लग उपटला, खिडकी उघडली. नोव्हेंबरची ओली थंडी आत आली. यिंग्वेने खुर्ची ओढली, रोजच्यासारखा बसला आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिला.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये, हिसिंगेन बेटाच्या बाजूला आमचं हे घर आहे. एकट्याने राहणं ज्यांना जमत नाही अशी सहा मोठी माणसं इथे राहतात आणि आम्ही पाळीपाळीने त्यांच्या सोबतीला असतो. यिंग्वे तेव्हा पन्नाशीला आलेला. उंच, खांदे पडलेले, अंगात बारा महिने निळा स्वेटर. बोलायचा फार कमी. हो, नाही, कॉफी, आणि ट्रामचे नंबर. पण रोज सकाळी लापशी झाली की तो त्या यंत्रासमोर बसायचा आणि कासव चालवायचा.

कासव म्हणजे पडद्यावरचा एक छोटा त्रिकोण. 'पुढे ५०' असं लिहिलं की तो मागे रेघ सोडत पुढे जातो. 'उजवीकडे ९०' म्हटलं की काटकोनात वळतो. अशा दहा-वीस हुकमांची मोट बांधून तिला नाव द्यायचं, की झाला प्रोग्रॅम. यिंग्वेने बाराव्या वर्षापासून असे ढीगभर प्रोग्रॅम लिहिले होते. शाळेने ती यंत्रं टाकायला काढली तेव्हा त्याच्या आईने त्यातलं एक धुण्याच्या कपड्यांच्या ढकलगाडीवर घालून घरी आणलं. आई गेल्यावर यिंग्वे आमच्याकडे आला, आणि त्याच्याबरोबर यंत्रही.

ते जळालं आणि यिंग्वेचं जेवण सुटलं. आम्ही यंत्र खाली नेलं, तर तो रिकाम्या टेबलासमोर बसायला लागला.

त्याची बहीण सूलवेग दाताच्या दवाखान्यात काम करते. ती कामावरून तशीच आली, नवा कोरा टॅब घेऊन.

"हे बघ, यात खेळ आहेत, चित्रं काढता येतात. बोटाने काढायची."

यिंग्वेने टॅब हातात घेतला, उलटसुलट केला, टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला.

"घ्या!" सूलवेग म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते. जाता जाता दारात थांबून म्हणाली, "शाळेत त्याची एक बाई होती. गुनवोर. तिनेच हे कासव त्याच्या गळ्यात बांधलं. आहे का नाही, कुणाला माहीत."

बाई होती. शहराच्या मायोर्ना भागात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात. फोनवर मी सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "चौकोन चालणारा यिंग्वे? आलेच."

गुनवोरबद्दल मला पुढे जे कळलं ते असं. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याची मुलगी. हिसिंगेनवरच्या शाळेत ती आयुष्यभर गणित शिकवत राहिली. 'साधारण' हा शब्द कुणी उच्चारला की तिच्या कपाळाला आठी पडायची. शाळेत संगणक आले तेव्हा मुख्याध्यापकांनी, मोडतील म्हणून, त्यांना एका खोलीत कुलूप लावून ठेवलं. गुनवोर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मोडायची भीती असेल तर परत पाठव, नाहीतर किल्ली दे." किल्ली मिळाली.

त्याच सुमाराला शेजारच्या विशेष मुलांच्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत कॉरिडॉरमध्ये चौकोन चालायचा. सरळ, वळ, सरळ, वळ. बाकीचे शिक्षक त्याला धरून बाकावर बसवत. गुनवोरने त्याला संगणकासमोर बसवलं, कासव दाखवलं आणि एक हुकूम लिहून दिला. पुढचे तीन त्याने आपले आपण लिहिले.

आता ती सत्तरी ओलांडलेली. नवरा वारलेला, मुलगा कॅनडात. गुडघे दुखायचे. एकदा मला म्हणाली, "निवृत्त झालीस की लोक विचारतात, आता काय करतेस? थोड्या दिवसांनी तेही विचारायचं सोडतात."

ती पहिल्यांदा आली तेव्हा धापा टाकत होती, हातात वेलदोड्याच्या बनांची पिशवी. यिंग्वेच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. यिंग्वेने मान वर केली नाही. पण म्हणाला, "बाई."

"हो रे. कासव आजारी आहे म्हणे?"

"मेलं."

"यंत्र मेलं," गुनवोर म्हणाली. "कासव कसं मरेल? ते तू लिहिलेलं आहेस."

यिंग्वेने पिशवीतून बन काढला आणि खाल्ला. कितीतरी दिवसांनी त्याच्या पोटात काहीतरी गेलं.

खाली आल्यावर गुनवोर माझा दंड धरून म्हणाली, "मी हे काय बोलून बसले गं?"

बोलून बसली होती खरी. जुन्या संगणकांचे काही हौशी लोक शहरात आहेत. त्यांनी यिंग्वेच्या डिस्कांवरचा मजकूर सोडवून दिला, पण यंत्रापुढे हात टेकले. ते फक्त शाळांसाठी बनलेलं होतं, थोडीच निघालेली, सुटे भाग कुठेच नाहीत. कासवाचे तयार प्रोग्रॅम हल्ली फुकट मिळतात, तेही आम्ही घालून बघितले. त्यांना इंग्रजीच कळायचं. यिंग्वेने स्वीडिशमध्ये दिलेल्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं यायची. एकदा ती प्रश्नचिन्हं बघून त्याने पडद्यावर टॉवेल टाकला.

यातलं कळणारं एकच माणूस गुनवोरला माहीत होतं. मायोर्नाच्या वाचनालयात मंगळवारी दुपारी एक अभ्यासमंडळ भरायचं. पत्त्यांच्या, ब्रिजच्या मंडळात जागा उरली नव्हती म्हणून गुनवोरने त्यात नाव घातलं होतं. शिकवायची बेहनाझ नावाची तिशीतली मुलगी. लहानपणी आईवडिलांबरोबर इराणहून आलेली, पण बोलते अशी की डोळे मिटले तर वाटावं, गोदीतला जुना कामगार बोलतोय. नोकरी सॉफ्टवेअरची. मंडळात ती प्रोग्रॅम लिहायची एक 'फंक्शनल' भाषा शिकवायची, कारण तिचा जीव त्याच भाषेवर होता.

गुनवोर मलाही बरोबर घेऊन गेली. यिंग्वेच्या सवयी सांगायला कुणीतरी हवं म्हणून.

"हे कासव मला तुझ्या भाषेत आणायचंय," गुनवोरने विषयालाच हात घातला.

"आण की. कासव म्हणजे काय? कुठे आहे, तोंड कुठे आहे, पेन खाली आहे की वर. एवढंच."

"बरं. आता त्याला पुढे कसं सरकवायचं?"

"नाही सरकवायचं."

"म्हणजे?"

"माझ्या भाषेत काहीच सरकत नाही, गुनवोर. काहीच बदलत नाही. तू एक कासव द्यायचंस, 'पुढे ५०' म्हणायचंस. तुला दुसरं कासव मिळतं, पन्नास पावलं पुढे उभं असलेलं."

"आणि पहिल्याचं काय करायचं? सूप?"

"पहिलं आहे तिथेच. त्याला कुणी हात लावत नाही."

"अगं, मग एक चौकोन काढेस्तोवर कासवांची जत्रा भरेल!"

"भरू दे. जागा पुष्कळ आहे."

ट्राममध्ये गुनवोर चिडलेलीच होती. "म्हणे काही बदलत नाही. या वयात मला शिकवतेय." मग दोन थांब्यांनी एकदम स्वतःशीच हसली. "गणितात तरी कुठे काय बदलतं? फळ्यावर एकदा क्ष बरोबर सात लिहिलं की तास संपेपर्यंत सातच. मधेच आठ झाला तर पोरं बोंब मारतील. माझी सवय संगणकानेच बिघडवली होती."

त्या दिवसापासून ती कामाला लागली. जुन्या हुकमांसाठी एकेक फंक्शन लिहायचं, नावं यिंग्वेचीच ठेवायची. पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे, पेन वर. अडली की बेहनाझला फोन. बेहनाझ म्हणायची, "तुझे फोन बघून माझ्या नवऱ्याला वाटतंय, माझी सासू बदलली."

खिडक्यांत नाताळचे तारे लागले तेव्हा पहिला प्रोग्रॅम तयार झाला. नाव 'दार'. गुनवोरने आपला लॅपटॉप यिंग्वेच्या टेबलावर ठेवला. "दाब."

यिंग्वेने बटण दाबलं. पडद्यावर दार उमटलं, चौकट, कडी, पत्र टाकायची फट, सगळं एका क्षणात. यिंग्वेने बघितलं, उठला आणि खाली निघून गेला.

गुनवोरचा चेहरा पडला. "तंतोतंत तेच आहे ना?"

"चित्र तेच आहे," मी म्हटलं. "पण तो चित्र कुठे बघायचा? तो चालणं बघायचा."

पुढच्या मंगळवारी बेहनाझने कपाळावर हात मारला. "तुझी ती जत्रा कुठे गेली? तू शेवटची रेघ ठेवलीस आणि सगळी कासवं फेकून दिलीस. ती सगळी ओळीने ठेव, आणि एकामागून एक दाखव. डोळ्याला एकच कासव चालतंय असं वाटेल."

जानेवारीत ते जमलं. त्रिकोण उगवला, थबकत थबकत चौकट काढू लागला, आणि यिंग्वे पुढे सरकून बसला. ओठ हलत होते. दार झालं. मग 'जिना'. जिना पडद्याच्या मधोमध सुरू झाला तेव्हा त्याच्या भुवया जरा आकसल्या, पण तो उठला नाही. त्या दुपारी त्याने वाटाण्याचं सूप खाल्लं, वर घालायला मोहरीची चटणी मागून घेतली. आम्ही स्वयंपाकघरात एकमेकींचे हात धरून नाचलो. गुनवोरने गुडघ्यांना शिव्या घातल्या, पण नाचली.

'पूल' चालवला त्या दिवशी मात्र एक गोष्ट झाली, ती मी विसरणार नाही. कासव पुलाची लांब रेघ काढत उजव्या कडेपर्यंत गेलं आणि पडद्याबाहेर पडलं. यिंग्वेने ताबडतोब आपलं बोट डाव्या कडेवर ठेवलं. त्याच उंचीवर, बरोब्बर. आणि वाट बघत राहिला. आम्हाला काही कळेना. त्याची कॉफी गार झाली. शेवटी तो गुनवोरकडे वळला.

"बाई. घरी येत नाही."

जुन्या यंत्रावर उजवीकडून बाहेर पडलेलं कासव डावीकडून आत यायचं. गुनवोर ते विसरून गेली होती. तिच्या नव्या भाषेतलं कासव सरळ चालत सुटलं होतं, पडदा सोडून पार दूर, आणि अजून चालतच होतं.

"मी किती गाढव!" ट्रामच्या थांब्यावर ती म्हणाली. "माझं प्रतल अनंत. वर्गात तेच शिकवत आले. त्याच्या जगात कुणी हरवत नाही."

तिने ते दुरुस्त केलं. वाटलं तितकं सोपं नव्हतं. कडेवर पोचलेल्या रेघेचे दोन तुकडे करायचे, एक इकडे संपवायचा, उरलेला तिकडून सुरू करायचा. तिरप्या रेघेला तर वरची कडही लागते आणि बाजूचीही. गुनवोर आठवडाभर कागदावर रेघा मारत होती. फोनवर तिचा आवाज मात्र असा होता, जणू सुट्टीवर गेलीय.

फेब्रुवारीत सगळं बिघडलं. त्या दिवशी पाळी होती 'ट्राम'ची. यिंग्वे आनंदात होता, सकाळपासून "तीन नंबर, तीन नंबर" म्हणत होता. कासव निघालं आणि ट्राम उमटली ती चिमुकली, चपटी, चाकं खिडक्यांवर चढलेली. यिंग्वेने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने बटण दाबलं नाही. मूठ आपटली. पडद्याला तडा गेला. मग तीच मूठ तो स्वतःच्या डोक्यावर मारू लागला. आम्ही दोघींनी मिळून त्याला धरलं, तरी आवरत नव्हता.

आमच्या प्रमुखांनी सांगितलं, आता काही दिवस हे पुरे. आणि संध्याकाळी सूलवेगने गुनवोरला फोन केला. मी तिथेच होते.

"बाई, तू त्याला कशाला आशा लावतेस? त्याला सवय होत होती. आईच्या जाण्याचीसुद्धा झाली. तू आलीस आणि रोज थोडं देतेस, थोडं मोडतेस. त्याच्या कपाळावर टेंगूळ आलंय. ते कोण बघणार? मीच ना?"

पलीकडून गुनवोर काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पुढच्या गुरुवारी ती आली नाही.

गुरुवार तिचा ठरलेला दिवस. दुपारी मी खाली आले तर यिंग्वे कोट, टोपी, हातमोजे घालून दाराशी बाकावर बसलेला. बाहेर जाणार का, विचारलं. "नाही." कॉफी? "नाही." अंधार पडायला लागला तरी तसाच. मी फोन लावला.

"गुनवोर, तो कोट घालून दारात बसलाय."

"कुठे जायचंय त्याला?"

"कुठे नाही गं. तुझी वाट बघतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, कोट काढ. शनिवारी येते. पण एकटी नाही येणार, माझी अक्कल संपलीय."

शनिवारी बेहनाझ बरोबर आली. स्वतःचा लॅपटॉप, आणि डब्यात भाताची खालची खरपूस खरवड, तिच्या आईने केलेली. यिंग्वेने ती कुरूमकुरूम खाल्ली. बेहनाझ जमिनीवर मांडी घालून जुना मजकूर वाचत बसली.

"'ट्राम'मध्ये लांबी वापरलीय. पण ठरवलीय कुठे?"

"कुठेच नाही. मी पण तेच शोधत होते. शेवटी अंदाजाने दहा धरली."

"तू? अंदाजाने?"

"टोमणे नंतर मार."

"जुन्या भाषेत लांबी हा एक उघडा डबा होता, गुनवोर. कुणीही यावं, हात घालावा, आतला आकडा बदलून जावं. ट्रामला तो आकडा आधीच्या कुणाकडून तरी मिळायचा. पेनची जाडी तशीच, तोंड कुठे आहे तेही तसंच. प्रश्न एवढाच की ट्रामच्या आधी तो काय चालवायचा."

दोघी कागद उलटेपालटे करू लागल्या. मी आठवून बघितलं, पण मी त्या वेळी खाली भांडी घासत असायचे. मग गुनवोरने हातातले कागद खाली ठेवले.

"आपण त्यालाच विचारलं नाही."

ती खुर्ची ओढून यिंग्वेजवळ बसली. त्याच्याकडे न बघता, खिडकीकडे बघत तिने विचारलं, "यिंग्वे, सकाळी पहिलं काय?"

"दार."

"मग?"

"जिना."

"मग?"

"दुकान. पूल." तो थांबला. बेहनाझने पेन उचललं. "ट्राम. तीन नंबर. झाडं. शाळा. बाई. ट्राम. पूल. बर्फ. जिना. आई. दिवा."

इतकी वर्षं मी त्या घरात आहे. एका दमात एवढे शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. बेहनाझ भराभर लिहून घेत होती. गुनवोर मात्र 'बाई' शब्दापाशीच अडकली होती. तो प्रोग्रॅम डिस्कवर नुसता 'बा' म्हणून होता, आणि ते कशाचं चित्र, हे तिला कळलं नव्हतं. दोन मोठे गोल, मधे एक आखूड रेघ.

"चष्मा," यिंग्वे म्हणाला. "मोठा."

गुनवोरने चष्मा काढला आणि स्वेटरला पुसत बसली.

बेहनाझ आता उभी राहिली होती. "म्हणजे ही वेगवेगळी चित्रं नाहीतच! एकच लांब चाल आहे. कासव कधी मधोमध परत जातच नाही. दार संपतं तिथे जिना सुरू. गुनवोर, तू प्रत्येकाला नवं कोरं कासव देत होतीस."

"आणि आता?"

"आता दाराचं कासव जिन्याच्या हातात द्यायचं. लांबी, जाडी, सगळं त्याच्याबरोबर. जिन्याने दुकानाच्या हातात. जे चोरून जात होतं ते उघड द्यायचं. माझ्या भाषेला दुसरं काही जमतच नाही."

त्यांना पुढचे काही आठवडे लागले. आमच्या प्रमुखांची समजूत मी काढली. सूलवेगची कुणी काढली नाही. मी फक्त म्हटलं, रविवारी ये, नाही आवडलं तर तुझ्या हाताने बंद कर.

ती आली तेव्हा मार्च संपत आला होता. दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. गुनवोरने तिला नमस्कार केला, तिने मान हलवली. यिंग्वेने बटण दाबलं.

कासव दारातून निघालं. जिना उतरलं, दुकानापाशी वळलं, पूल ओलांडताना उजवीकडून गेलं आणि डावीकडून आलं. मग ट्राम. मोठी, ऐसपैस, चाकं जागच्या जागी. यिंग्वे खुर्चीत मागेपुढे झुलायला लागला. झाडं सुरू झाली आणि सूलवेगचे हात सुटले.

"हा आमचा शाळेचा रस्ता आहे," ती म्हणाली. "अरे, हे दुकान... मी त्याला इथे उभं करायचे. रोज. आत जाऊन गोळ्या घ्यायचे आणि सांगायचे, हलू नकोस. यिंग्वे, तुला आठवतंय?"

"कोळशाच्या गोळ्या," यिंग्वे म्हणाला. "काळ्या."

"ज्येष्ठमधाच्या रे! तू त्यांना कोळसा म्हणायचास!" ती पलंगावर धपकन बसली. हसत होती, रडतही होती. कासव परत आलं, बर्फातून, जिना चढून, आईपाशी. आई म्हणजे फक्त एक एप्रन होता, दोन खिशांचा. मग दिवा. मग कासव थांबलं.

सूलवेग गुनवोरला म्हणाली, "फोनवर मी जास्त बोलले."

"बोललीस. पण टेंगूळ खरं होतं."

बेहनाझने त्या भाषेत आणखी एक गोष्ट करून ठेवली होती. तिच्या दृष्टीने किरकोळच. ती वाकून यिंग्वेला म्हणाली, "मागची सगळी कासवं अजून आहेत. कुणी पुसलेली नाहीत. हे डावं बटण दाबून बघ."

यिंग्वेने दाबलं. कासव एक पाऊल मागे गेलं आणि रेघ मिटली. पुन्हा दाबलं. दिव्यापासून आईपर्यंत तो उलटा आला. थांबला. पुढे गेला. पुन्हा मागे. जुन्या यंत्रावर एकदा निघालेलं कासव शेवटाला जायचं, नाहीतर सगळं पुसून पुन्हा दारापासून सुरुवात. आता त्याला हवं तिथे थांबता येत होतं. तो बर्फातून पुलावर आला, ट्रामने मागे मागे गेला, आणि दुकानापाशी येऊन थांबला. त्याने बहिणीकडे बघितलं आणि हसला, मोठ्याने, घशातून. खालच्या मजल्यावरची माणसं काय झालं म्हणून जिन्यात आली.

त्यानंतर महिनाभर तो मागेपुढेच करत होता. मग एका गुरुवारी मी कॉफी घेऊन वर गेले तर तो टाइप करत होता आणि गुनवोर हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. नवी भाषा तिने त्याला अशी शिकवली होती: कासव घे, कासव दे. घेतल्याशिवाय द्यायचं नाही, दिल्याशिवाय उठायचं नाही. त्याला ती जुन्यापेक्षा सोपी गेली. गुनवोरच्या मते यात नवल काहीच नव्हतं. "त्याला कधीच आवडलं नाही, त्याच्या पाठीमागे कुणी काही बदललेलं. आता कुणाला बदलताच येत नाही."

जुलैत सूलवेगने ब्रेन्यो बेटावर एक झोपडी घेतली, आठ दिवसांसाठी. आमच्याकडे आल्यापासून यिंग्वे एक रात्रही बाहेर राहिला नव्हता. कसा राहणार? सकाळी उठून ते अवजड यंत्र कुठून आणायचं? आता कासव लॅपटॉपात होतं, आणि लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत.

मी ड्यूटी म्हणून गेले. गुनवोर दोन काठ्या घेऊन आली. बोटीत यिंग्वे पिशवी पोटाशी धरून बसला होता, आणि सूलवेग दर पाच मिनिटांनी मला विचारत होती, "रात्री त्रास दिला तर?"

रात्री तो झोपला. सकाळी धक्क्यावरच्या फळ्यांवर बसून त्याने लॅपटॉप उघडला, पण उन्हात पडद्यावर काही दिसेना. गुनवोर काठ्या टेकत आली आणि अंघोळीचा मोठा टॉवेल त्याच्या डोक्यावर तंबूसारखा धरून उभी राहिली.

"दिसतंय?"

"दिसतंय," टॉवेलच्या आतून आवाज आला.

"हात दुखतायत माझे. कुठपर्यंत आलाय?"

"ट्राम."

"अरे देवा. अजून परत यायचंय."

सूलवेग पाण्यात होती. पार त्या तरंगत्या खुणेपर्यंत पोहत गेली, जणू मागे वळून बघायची गरजच नव्हती. मी टॉवेलचं दुसरं टोक धरलं. जरा वेळाने आतून यिंग्वेने विचारलं, "बाई, बोट कशी काढायची?"

"घे कासव," गुनवोर म्हणाली, "आणि सांग बघू, आधी काय लागेल?"